चरणाऱ्या जिवाचे पोट

उन्हाळ्याची सुटी लागली, की कर्वेनगरातील आमच्या इमारतीच्या जिन्यावरून दरवर्षी एखादा तरी नवा पिंजरा वर जाताना दिसतो. कुत्र्यास सोसायटीची हरकत, मांजरास आजीची हरकत, आणि मुलांचा हट्ट तर मोडवत नाही, अशा पेचातून बहुतेक घरांनी काढलेला मध्यममार्ग म्हणजे गिनीपिग: ओंजळीत मावणारा, न भुंकणारा, गॅलरीच्या एका कोपऱ्यात निमूट राहणारा, आणि विकणाऱ्याच्या शब्दांत सांगावयाचे तर ‘काहीही खाणारा’. या अखेरच्या दोन शब्दांविरुद्ध माझी फिर्याद आहे. कारण त्यांवर इतबार ठेवल्यामुळे आमच्या घरातील एक जीव पोटाच्या व्यथेने चार दिवस झुरत माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि तो रोगाने गेला असे म्हणण्यापेक्षा आमच्या अज्ञानाने गेला असे म्हणणेच सत्यास धरून होईल.

हकिगत अशी. माझ्या नातीच्या वाढदिवसास तिच्या वडिलांनी दोन माद्या आणल्या. एक दुधाळ पांढरी, म्हणून तिचे नाव साय, आणि दुसरी भाजक्या पिंगट रंगाची, म्हणून ती खारी. विक्रेत्याने सोबत दाण्यांची एक पिशवी दिली, खाली अंथरावयास लाकडाचा भुसा दिला, आणि पोळी, भात, भाजीचे देठ, जे उरेल ते घालीत जा, अशी सूचना दिली. ती आम्ही निष्ठेने पाळली. सकाळी पोळीचा कुस्करा, दुपारी कोबीची पाने, संध्याकाळी मूठभर बाजरी. आणि मे महिन्यातील एका दुपारी, उकाड्याने दोघी मलूल दिसल्या म्हणून, नातीने आपल्या ताटलीतील कलिंगडाच्या चारपाच फोडी त्यांच्यापुढे ठेवल्या, त्या बहुतेक सायने एकटीनेच संपविल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या लेंड्या मऊ झाल्या, तिसऱ्या दिवशी त्यांना आकारच उरला नाही आणि मागचे पाय चिकट मळाने भरले. घरात वडीलधारा मी. माझ्या आजीकडून शिकलेला उपाय मी सांगितला, की पोटाला विश्रांती द्या, आज तिला काही घालू नका. त्याच संध्याकाळी, धाकट्या नातवाच्या घशासाठी पूर्वी आणलेले प्रतिजैविकाचे गुलाबी सरबत कपाटात होते, त्याचे चार थेंब, लहान जिवाला लहान मात्रा अशा हिशेबाने, तिच्या तोंडात सोडले; आणि पुढले दोन दिवस सकाळसंध्याकाळ सोडीत राहिलो. मधल्या एका दिवशी हगवण थांबल्यासारखी वाटली आणि आम्ही निर्धास्त झालो. त्यानंतरच्या पहाटे साय पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंगाचे मुटकुळे करून बसली होती, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिच्या दातांचा करकर असा बारीक आवाज येत होता, जो मला त्या वेळी काहीतरी खाण्याचा वाटला आणि जो वस्तुतः वेदनेचा होता. दहा वाजेपर्यंत सर्व आटोपले.

त्यानंतर जे वाचले, आणि या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्य बाईंकडून जे समजावून घेतले, त्याचे सार इतकेच, की गिनीपिग उंदरांच्या जातकुळीतला असला तरी पोटाने तो गुराढोरांचा भाऊबंद आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच गवताळ पठारावर, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या परिसरात, हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्यास माणसाळविले, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून तो युरोपात गेला. त्या पठारावर राहणारा त्याचा पूर्वज दिवसाचा मोठा भाग केवळ चरत असे. धान्य त्याच्या वाट्यास क्वचित आले असेल, गोड रसाळ फळ त्याहून क्वचित; जे सदैव होते ते गवत, तेही जून, राठ, तंतुमय. निसर्गाने त्याचे अवघे शरीर या एका अन्नाच्या मापाने बेतले. त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात, कारण गवत घासून घासून ते जन्मभर झिजावयाचे असतात. आणि त्याच्या पोटात, मोठ्या आतड्याच्या आरंभी, उंडुक नावाची जी थैली आहे, तीत त्याच्या अन्नमार्गातील एकंदर ऐवजाचा निम्म्याहून अधिक भाग साठलेला असतो. गाईच्या पोटात जे काम पुढच्या कोठीत होते तेच येथे मागच्या कोठीत होते: कोट्यवधी सूक्ष्म जीव गवताचा चोथा आंबवून त्याचे अन्न करतात. गाय ते अन्न रवंथ करून पुन्हा चघळते. गिनीपिग आपल्या विष्ठेचा एक मऊ, पोषक भाग थेट तोंडाने उचलून पुन्हा गिळतो. हे पाहून पुष्कळ घरांत किळस येते आणि त्यास दटावतात, परंतु तो त्याचा रवंथच आहे, आणि त्यास त्यापासून रोखणे हा अपराध होय.

माझे बालपण मावळातील एका खेड्यात गेले. रात्री निजण्यापूर्वी आजोबा कंदील घेऊन गोठ्यात एक फेरी मारीत, आणि ती फेरी चोराचिलटासाठी नसे. कोणते जनावर रवंथ करीत आहे आणि कोणते नाही, एवढेच ते पाहत. एखाद्या गाईचे तोंड थांबलेले दिसले, की तिच्या डाव्या कुशीवर टिचकी मारून ढोलासारखा नाद येतो का ते ऐकत, शेणाच्या पोवाला पायाच्या अंगठ्याने स्पर्श करून त्याचा घट्टपणा पाहत, आणि शंका आली तर सकाळची वाट न बघता गावातील जाणत्याला हाक मारीत. चरणाऱ्या जनावराचे पोट थांबणे म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. ज्या कर्वेनगरात आज मी राहतो ते हिंगणे बुद्रुकच्या शिवारावर उभे आहे, आणि त्या शिवारातही असे गोठे आणि असे आजोबा होतेच. दोन पिढ्यांत आपण गोठ्यातून गॅलरीत आलो, आणि येताना ते ज्ञान मागे ठेवून आलो. विकणाऱ्याने ‘काहीही खातो’ असे सांगितले तेव्हा माझ्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला असता, की याला गवत कोठून आणावयाचे? तो प्रश्न मला सुचला नाही, याचे मला आजही दुःख आहे.

येथे आपल्या एका श्रद्धेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण माझ्या मते पाळीव गिनीपिगांचे बळी घेणाऱ्या गोष्टींत तिचा क्रम फार वरचा असावा. पोट बिघडले की लंघन, ही मराठी घराची पहिली तजवीज. माणसाच्या बाबतीत तीत शहाणपण आहे. एकादशीस उपवास करणाऱ्या आणि अपचनास मुगाच्या पाण्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांना उपाशी पोटाची भीती वाटत नाही, उलट त्याचा आधार वाटतो. परंतु ज्या जिवाच्या आतड्याची गती आत येणाऱ्या चोथ्यावरच अवलंबून आहे, मागून घास आला तरच पुढचा घास सरकतो अशी ज्याची रचना आहे, त्याला उपाशी ठेवणे म्हणजे त्याचे आतडेच बंद करणे होय. बारा तास काही खाल्ले नाही, तर आतड्याची चाल मंदावते. आतील चोथा सुकून घट्ट होतो. उंडुकातील उपकारक सूक्ष्म जीव उपासमारीने मरू लागतात आणि त्यांच्या जागी अपकारक जीव माजतात. वायू धरतो, तो वायू पोट ताणतो, ताणाने वेदना होते, आणि वेदनेने उरलीसुरली भूकही जाते. हे चक्र एकदा फिरू लागले की प्राणी आपण होऊन त्यातून बाहेर येत नाही. त्यास ओकता येत नाही, म्हणून वरच्या वाटेने सुटका नाही. आणि तो स्थूल असेल, पोळीदाण्यांवर वाढलेले बहुतेक असतातच, तर उपासाच्या काळात अंगची चरबी यकृतात उतरून यकृतही निकामी होऊ शकते. म्हणून हगवण असो वा अवरोध, गिनीपिगास गवत आणि पाणी यांची बंदी कधीही करू नये. मऊ लेंड्या दिसल्यास एकदोन दिवस हिरवा भाजीपाला, फळ आणि दाणे बंद करून केवळ वाळके गवत आणि स्वच्छ पाणी पुढे ठेवावे, एवढी मुभा घरच्या माणसास आहे. मळ पाण्यासारखा पातळ झाला, अथवा खाणे थांबले, तर ती मुभाही संपली आणि त्याच दिवशी पशुवैद्याचे दार गाठले पाहिजे. दहीभात, ताक, ओव्याचा अर्क, हिंगाचे पाणी, एरंडेल, हे सारे माणसाच्या पोटाचे उपचार आहेत आणि ते माणसाकडेच राहू द्यावेत.

दुसरी चूक त्या गुलाबी सरबताची. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा न्यूमोनियाने आणि विषारी जखमांनी दगावणारी किती माणसे त्या औषधाने मृत्यूच्या दारातून परत आणली, हे माझ्या पिढीने ऐकत ऐकतच लहानपण काढले. त्यामुळे या औषधकुळाविषयी आपल्या मनात एक कृतज्ञ विश्वास रुजला आहे, आणि तो रास्तही आहे. परंतु पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी द्रव्ये पोटात गेली, तर गिनीपिगाच्या उंडुकातील ज्या सूक्ष्म जीवांवर त्याचे जगणे अवलंबून आहे, नेमके तेच मरतात. मोकळ्या झालेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू फोफावतात, त्यांचे विष आतड्यात भिनते, आणि तीनचार दिवसांत, बहुधा रोग बरा होत आल्यासारखा दिसत असतानाच, प्राणी जातो. ही गोष्ट काल उमगलेली नाही. पेनिसिलिन गिनीपिगास घातक असल्याची नोंद १९४३ सालीच झाली आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनची पहिली निर्णायक कसोटी घेतली ती आठ उंदरांवर. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर ते औषध विष ठरून बाजूस पडले असते की काय, हा प्रश्न जाणत्यांनी अनेकदा विचारला आहे. गिनीपिगास प्रतिजैविक देताच येत नाही असे नाही. या प्राण्यांस सोसतील अशी निराळी औषधे आहेत, आणि त्यांची निवड व मात्रा ठरविणे हे पशुवैद्याचे काम आहे. घरातल्या कपाटाचे नाही; आणि औषधाच्या दुकानात काउंटरपाशी उभ्या असलेल्या सद्भावी मुलाचेही नाही.

तिसरी गोष्ट प्रथमदर्शनी पोटाची वाटत नाही, पण आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगासही आपल्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. गाय, कुत्रा, उंदीर यांना ते येते. १९०७ साली क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ओस्लोत, होल्स्ट आणि फ्रोलिख या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना केवळ धान्य आणि पाव यांवर ठेवले, तेव्हा दर्यावर्दी खलाशांना होणारी स्कर्व्ही त्या प्राण्यांत जशीच्या तशी उतरली, आणि त्या एका निरीक्षणातून ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. ही हकिगत मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण रोग उत्पन्न करण्यासाठी त्या शास्त्रज्ञांनी जो आहार मुद्दाम योजला होता, तोच आम्ही प्रेमाने घालीत होतो. धान्यावर ठेवलेला गिनीपिग काही आठवड्यांत सुस्तावतो, सांधे दुखू लागल्याने हलेनासा होतो, हिरड्या नाजूक होतात, खाणे कमी होते, आणि खाणे कमी झाले की आतड्याचे वर सांगितलेले दुष्टचक्र सुरू होते. दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम एवढी त्याची गरज. ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबिरीच्या चार काड्या यांत ती भागते. आपल्याकडील पेरूत हे जीवनसत्त्व ढोबळी मिरचीच्या दुपटीहून अधिक असते, मात्र त्यात साखरही असल्याने आठवड्यातून एखादी पातळ चकती पुरे. जो पेरू देश या प्राण्याचे माहेर, त्याच नावाचे फळ त्याच्या औषधाला यावे, हा योगायोग माझ्या नातीला फार आवडला आणि तिने तो आपल्या वहीत लिहून ठेवला आहे. पिण्याच्या पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याचा प्रघात मात्र निरुपयोगी; उजेडात ते लवकर नासते, आणि पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

आता मुख्य पदार्थ, गवत. परदेशातून येणारे टिमोथी नावाचे वाळके गवत पुण्यात पिशव्यांतून मिळते आणि ते उत्तम असते, परंतु त्याचा दर पाहून अनेक कुटुंबे मूठभर गवत शोभेपुरते ठेवतात आणि पोट दाण्यांवर भरतात. हा हिशेब उलटा आहे. दाणे चमचाभर असले तरी चालतील, नसले तरीही एक वेळ चालतील. गवताचा ढीग मात्र प्राण्याच्या अंगाएवढा, आठही प्रहर, पुढ्यात असला पाहिजे. पश्चिम महाराष्ट्राच्या कुरणांतील मारवेल, पवन्या ही गवते आपल्या गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आहेत. ती फुलोऱ्यावर कापून नीट वाळविलेली, बुरशीचा वास न येणारी असतील, तर ती या प्राण्यास का चालू नयेत? मी शहराच्या कडेच्या एका गोठेवाल्याकडून महिन्याकाठी एक भारा आणतो, तो उन्हात एक दिवस पसरून झटकून घेतो, आणि खारी तो आवडीने खाते. भाताचा पेंढा मात्र अंथरण्यापुरता. त्यात पोषण फारसे नाही. लसूणघास सकस खरी, पण तिच्यात चुन्याचा अंश बराच असल्याने वाढ पूर्ण झालेल्या गिनीपिगास मूतखड्याचे भय असते. वाढत्या पिलास आणि गाभण मादीस ती द्यावी. गजाननाला वाहतो त्या दुर्वा या प्राण्याला अत्यंत प्रिय आहेत, तथापि बाजारातील जुडी कोणत्या कडेची, कोणत्या पाण्याची, तिच्यावर काही फवारले आहे काय, याचा पत्ता नसतो. म्हणून आम्ही कुंडीत लावलेल्याच घालतो. आणि कोणताही नवा पाला एकदम मूठभर घालू नये; उंडुकातील जिवांना नव्या अन्नाची ओळख होण्यास दिवस लागतात. सायच्या बाबतीत कलिंगडाने जे केले ते नेमके हेच होते.

गवताअभावी होणारे आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दाढा झिजल्या नाहीत तर खालच्या दाढा आतल्या बाजूस वाढत जाऊन जिभेवर कमानीसारख्या मिळतात, आणि जीभ त्या कमानीखाली अडकते. प्राणी खाण्यापाशी येतो, हुंगतो, काडी तोंडात धरतो आणि सोडून देतो. घरातील माणसे म्हणतात, याला भूक नाही. त्याला भूक असते. त्याला गिळता येत नाही.

हा प्राणी शिकार होणाऱ्यांच्या जातीतला असल्यामुळे दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि डोळ्यांना दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून साय गेल्यावर आम्ही आजोबांची ती कंदिलाची फेरी आमच्या घरी पुन्हा सुरू केली. रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातील पीठ मोजण्याच्या काट्यावर एक टोपली ठेवून खारीला तीत बसवितात, आणि नात वहीत वजनाचा आकडा लिहिते. किलोभर वजनाच्या जिवात ५० ग्रॅमची घट ही दखल घेण्याजोगी घट होय. मग पिंजऱ्याखालच्या कागदावरील लेंड्या पाहावयाच्या. निरोगी लेंडी लांबट, दोन्ही टोकांस गोलसर, तपकिरी, एकसारखी, आणि मोडली तर आत गवताचे तंतू दिसणारी असते. लहान, कोरडी, एका टोकास टोकदार झालेली लेंडी सांगते की आत चोथा कमी जात आहे. दोनतीन एकमेकींस चिकटलेल्या, ओलसर, आंबूस वासाच्या लेंड्या निराळे काही सांगतात. आणि कागद रिकामा असणे ही सर्वांत मोठी ताकीद. पोटावरून तळहात फिरविला तर ते भिजविलेल्या कणकेसारखे मऊ लागावे; फुगलेल्या चेंडूसारखे लागले, तर अर्धा तासही दवडू नये. एप्रिलमे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीकडे जातो, आणि तिशीच्या पुढे गेलेली हवाच या प्राण्यास असह्य होऊ लागते, तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीतून पिंजरा दुपारपूर्वी आत आणणे हाही पोटाचाच उपाय आहे, कारण तापलेला प्राणी प्रथम खाणे सोडतो.

या सगळ्यावर एक आक्षेप मला अनेक सज्जन शेजाऱ्यांनी घेतला, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. ते म्हणतात, जनावराच्या किमतीहून डॉक्टरांची एका भेटीची फी अधिक. गेला तर दुसरा आणता येतो. एवढ्याशा जिवासाठी रात्री रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकास कोण धावणार? मध्यमवर्गीय संसारात पैशाची ओढ खरी असते, आणि तिचा उपहास मी करणार नाही. परंतु किंमत ही विकत घेण्याच्या क्षणाची बाब आहे; जीव घरात आला की ती बाब संपते. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा अधिनियम, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची तजवीज करावी आणि त्यास अनावश्यक वेदना होऊ देऊ नये, असे कर्तव्य सांगतो, आणि त्या कर्तव्यातून स्वस्त प्राणी वगळीत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली जे नियम झाले, त्यांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा यांच्या पंक्तीला गिनीपिगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. कायद्याने त्यास उंदीर म्हणून सोडून दिलेले नाही.

आणि आपण पुणेकर तर या प्राण्याचे थोडे ऋणीही आहोत. प्लेगच्या धास्तीनेच धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हलवून हिंगण्याच्या माळावरील एका झोपडीत नेला, आणि त्या झोपडीभोवती वाढत गेलेल्या संस्थेमुळे आमच्या वस्तीस आज कर्वेनगर हे नाव आहे. ज्या रोगाने ते स्थलांतर घडविले, तो उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो हे सिद्ध करण्यासाठी पुढील काही वर्षांत मुंबईतील संशोधकांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर जमल्या, त्यांतील कित्येकांना प्लेग झाला, आणि रोगाचा मार्ग नजरेस आला. ते मुके प्राणी आपल्या घरांत आपल्याऐवजी मेले. ‘आमचा गिनीपिग केला’ हा वाक्प्रचार आपण तक्रारीच्या सुरात रोज वापरतो; ज्याच्यावरून तो आला त्याचा विचार त्या वेळी क्वचितच मनात येतो.

माझी मागणी मोठी नाही. गिनीपिग विकणाऱ्या प्रत्येकाने, नियमात असो वा नसो, खरेदीदाराच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्यावा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी असाव्यात: गवत अखंड हवे, आणि बारा तास खाल्ले नाही तर तो तातडीचा प्रसंग आहे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६पासून उभे आहे, शिरवळला महाविद्यालय आहे, नागपूरला २०००पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. आपल्या राज्याचे पशुवैद्यक शास्त्र स्वाभाविकपणे गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्याभोवती वाढले, त्यात वावगे काही नाही. परंतु शहरातील हजारो गॅलऱ्यांत आता ससे आणि गिनीपिग राहतात, तेव्हा व्यवसायात असलेल्या पशुवैद्यांसाठी या लहान चरणाऱ्या प्राण्यांविषयी अल्प मुदतीचे वर्ग त्या संस्थांनी भरवावेत. मूळ विद्या त्यांच्यापाशी आहेच, कारण पोटफुगी कशी असते हे ज्याने म्हशीत पाहिले त्याला गिनीपिगाची समजावयास फार वेळ लागणार नाही. आणि ज्या पालकांच्या मनात सुटीसाठी हा प्राणी आणावयाचे आहे, त्यांनी पिंजऱ्याआधी गवताचा बंदोबस्त करावा, आणि गवताआधी अशा प्राण्यांना तपासणाऱ्या पशुवैद्याचा पत्ता मिळवून तो फ्रीजवर चिकटवावा. हे दोन्ही जमत नसेल, तर मुलाला नाही म्हणावे. ते नाही म्हणणे मी माझ्या नातीच्या बाबतीत म्हटले नाही.

मार्गशीर्षातील एका रात्री खारीने कोथिंबिरीकडे पाठ फिरविली. फ्रीजचे दार उघडले की ती एरवी शिट्टीसारखा आवाज काढते. त्या रात्री तिने मानही वळविली नाही, आणि कागदावर दुपारपासून चारच लेंड्या होत्या, कोरड्या, टोकदार. नातीने वही आणून दाखविली. दोन दिवसांत ३५ ग्रॅम उतरले होते. आम्ही सकाळची वाट पाहिली नाही. पशुवैद्य बाईंनी पोट चाचपले, दाढा पाहिल्या, वेदनेवर आणि आतड्याच्या गतीवर औषध टोचले, आणि गवताच्या भुकटीची पातळ खळ सुई नसलेल्या सिरिंजने कशी भरवावयाची ते करून दाखविले: तोंडाच्या कडेने, दातांमागच्या फटीतून, एका वेळी थेंबभर, तिने चावून गिळले की मग पुढचा. रात्रभर दर दोनतीन तासांनी मी आणि सुनेने पाळीपाळीने तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले. पहाटे साडेचारच्या सुमारास माझ्या पाळीत, टॉवेलाच्या घडीत काहीतरी कोमट, ओलसर हाताला लागले. दिवा लावून पाहिले, तर तीन लेंड्या होत्या, वेड्यावाकड्या, पण होत्या. मी सुनेला हाक मारली, ती नातीला उठवून घेऊन आली, आणि आम्ही तिघे त्या दिव्याखाली वाकून त्या पाहत राहिलो. सात वाजता काट्यावर टोपली ठेवली तेव्हा खारीने टोपलीच्या कडेला अडकलेली गवताची एक काडी ओढली आणि ती हळूहळू, शेवटापर्यंत, चावून खाल्ली.